विंडोज नव्याने टाकणं आणि बॅकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसातून एकदा तरी कुणीतरी लॅपटॉप काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "फॉरमॅट मारून द्या." मी आधी विचारतो, "आत काय आहे?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "विशेष काही नाही." मशिन चालू करून समोर धरलं की मग लग्नाचे फोटो, मुलीचा अर्धवट प्रबंध, सोसायटीचा चार वर्षांचा हिशेब असं एकेक आठवायला लागतं. विंडोज टाकायला अर्धा तास पुरतो. त्याआधीची तयारी आणि त्यानंतरची सवय यांबद्दल लोक जे विचारतात, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवतोय.

मशिन फार हळू झालंय. विंडोज नव्याने टाकावीच लागेल का?

प्रत्येक वेळी नाही. आधी टास्क मॅनेजर उघडून पाहा. काहीच काम चालू नसताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दहा वेळा विंडोज टाकूनही फरक पडणार नाही. तिथे एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क बसवा. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर आधी तो मोकळा करा. मशिन चालू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा.

व्हायरस आला असेल, निळा स्क्रीन वारंवार येत असेल, अपडेट अर्ध्यात अडकत असेल, किंवा मशिन दुसऱ्याला द्यायचं असेल, तर मात्र नव्याने टाकणंच बरं.

एक सावधगिरी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. तिथे निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल रंग दिसला तर फॉरमॅटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी फाइली बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर विंडोज टाकणं म्हणजे तिच्यात उरलेली थोडी धुगधुगी वाया घालवणं.

विंडोज १० वरच राहिलो तर चालेल का?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूटची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकता येते, पण ज्या मशिनवर बँकेचं काम होतं तिथे मी ती टाकून देत नाही. मशिन धडधाकट असून निव्वळ अटींत बसत नसेल, तर विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, ई-मेल, पत्रव्यवहार एवढंच काम असलेल्या माणसाचं त्यावर आरामात भागतं. हिशेबाच्या टॅलीवर किंवा मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर पोट असेल तर मात्र विंडोजच हवी.

'रीसेट धिस पीसी' करावं की पेन ड्राइव्हवरून टाकावी?

मशिन चालू होत असेल आणि व्हायरसची शंका नसेल तर रीसेट पुरतं. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर फाइली राहतात, प्रोग्रॅम मात्र जातात. कोणकोणते प्रोग्रॅम गेले त्याची यादी डेस्कटॉपवर मिळते. पण फाइली राहतील या भरवशावर बॅकअप न घेता रीसेट करू नका. मध्येच काही अडकलं तर त्या फाइली परत मिळवताना तुमचीच दमछाक होते.

व्हायरस असेल तर पेन ड्राइव्हच. दुसऱ्या चांगल्या मशिनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवा. बनवताना त्याच्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यात आधीपासून काही आहे का ते पाहा. मशिन पेन ड्राइव्हवरून चालू करायला जो बूट मेनू लागतो, त्यासाठी डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ १२, एचपीत एफ ९, आसुसमध्ये बहुधा एस्केप.

माझं सगळं डी ड्राइव्हला आहे. मग बॅकअप कशाला?

दुकानात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीने झालेलं पाहिलंय.

बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क एकच असते. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत घातलेली मधली भिंत. खोलीला आग लागली तर भिंतीच्या दोन्ही बाजू जळतात. डिस्क बंद पडली की सी आणि डी एकदमच जातात.

दुसरा धोका विंडोज टाकताना असतो. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू केलं की जागा निवडायचा स्क्रीन येतो. तिथे 'सी' आणि 'डी' अशी अक्षरं दिसत नाहीत. 'डिस्क ०, पार्टिशन १', 'डिस्क ०, पार्टिशन ४' अशा ओळी आणि पुढे जीबीचे आकडे, एवढंच. सी २३० जीबीचा आणि डी २३४ जीबीचा असेल तर ओळ चुकायला वेळ लागत नाही. मागे एक शिक्षक मशिन घेऊन आले होते. त्यांच्या भाच्याने घरीच विंडोज टाकताना नेमकी ही चूक केली होती. डी ड्राइव्हवर त्यांनी अकरा वर्षं जमवलेल्या गावच्या म्हणी आणि ओव्या होत्या, बायकांच्या तोंडून ऐकून टाइप केलेल्या. मी दोन दिवस खटपट केली. फाइली एसएसडीवर होत्या, एकही आली नाही. सांगणाऱ्या आज्यांपैकी निम्म्या आता नाहीत, असं ते म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले.

म्हणून इन्स्टॉलच्या आधी तीन कामं करा. डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा आकडा कागदावर लिहा. डी ला 'फोटो' किंवा 'हिशेब' असं ठळक नाव द्या, ते इन्स्टॉलच्या स्क्रीनवर दिसतं. आणि बॅकअपची बाहेरची डिस्क काढून टेबलावर ठेवा. ती जोडलेलीच राहिली तर त्या यादीत तीही दिसते.

नेमकं काय काय कॉपी करायचं?

डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स सगळेच घेतात. राहून जातं ते हे: डाउनलोड्स, डेस्कटॉप, स्टिकी नोट्स, सी ड्राइव्हवर थेट बनवलेले 'न्यू फोल्डर', स्कॅनर आपल्या फाइली जिथे टाकतो तो फोल्डर, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचं खातं. आईचं खातं वेगळं असेल तर तिचा डेस्कटॉपही वेगळा असतो.

आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल शोधा. थंडरबर्डची टपाल 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, तो नुसता दिसत नाही. ब्राउझरचे पासवर्ड खात्याशी जुळलेले आहेत ना, ते दुसऱ्या मशिनवर त्याच खात्याने शिरून पाहा. शंका असेल तर मी सरळ युजर्स फोल्डर अख्खा उचलतो. जागा थोडी जास्त लागते, पण निवडानिवडीत चुकत नाही.

वेळेचा हिशेब आधीच करा. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला सेकंदाला तीसपस्तीस एमबी मिळतात, म्हणजे ५०० जीबीला चार तासांहून जास्त. यूएसबी ३ चं पोर्ट आणि साधी बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तेच काम साधारण दीड तासात होतं. छोट्या छोट्या फाइली हजारोंनी असतील तर त्याहून जास्त.

विंडोज टाकल्यावर जुन्या मराठी फाइली उघडल्या, तर सगळी अक्षरं चित्रविचित्र दिसतात. फाइली बिघडल्या का?

नाही, फाइली ठीक आहेत. फॉन्ट गेलेत. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख या फॉन्टच्या काळात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी चिन्ह, आणि त्या चिन्हाला 'क' किंवा 'म' चं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की मागचा इंग्रजी गिचमिडा उघडा पडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइलींना हा त्रास होत नाही.

छापखाने, वकिलांची ऑफिसं, ग्रामपंचायती, जुनी साप्ताहिकं यांच्याकडे अशा फाइलींचे ढीग आहेत. त्यांनी फॉरमॅटच्या आधी विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर वेगळा कॉपी करून ठेवावा. विंडोज १० आणि ११ मध्ये एखादा फॉन्ट फक्त आपल्या खात्यापुरता टाकला असेल तर तो तिथे नसतो, ॲपडेटामध्ये असतो. तिथलाही घ्या. सोबत कोणत्या फाइलीत कोणता फॉन्ट आहे याची चिठ्ठी ठेवा, कारण नुसत्या गिचमिड्यावरून नाव ओळखणं अवघड. श्रीलिपीचा डोंगल, सीडी, नोंदणीचा कागद हे सगळं एका पाकिटात असू द्या.

आणि सवड काढून महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, म्हणून नंतर एकदा वाचून काढावं लागतं. या कामाला मी बॅकअपइतकंच महत्त्व देतो. वीस वर्षांनी फाइल असेल आणि वाचता येत नसेल तर नातवंडांच्या हातात काय देणार? नवीन टायपिंगसाठी विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आलेलेच असतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

टॅली आणि डिजिटल सही यांचं काय?

टॅलीचा डेटा कुठे आहे ते टॅलीच्याच स्क्रीनवरून बघा, अंदाजाने फोल्डर शोधू नका. टॅलीतून बॅकअप घ्या आणि डेटाचा फोल्डरही तसाच्या तसा कॉपी करा. मार्चअखेर किंवा रिटर्नच्या तारखेच्या आठवड्यात विंडोजला हात लावू नका.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनच्या आत असतं, त्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम, पुन्हा टाकायचा. तेव्हा 'इनिशियलाइझ' असं बटण दिसलं तर ते दाबू नका, टोकन कोरं होतं. पिन आठवत नसेल तर अंदाजाने मारत बसू नका, काही चुकांनंतर टोकन कुलूपबंद होतं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी अंगठ्याच्या मशिनचा ड्रायव्हर आणि आधार पडताळणीला लागणारी आरडी सर्व्हिस आधीच उतरवून ठेवावी. दारात रांग असताना ते शोधणं फार जिवावर येतं.

४८ आकडी किल्ली मागतंय. ही कुठून आली?

ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची रिकव्हरी की. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून हे आणखी वाढलंय. बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये काही बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की मशिन ही किल्ली मागतं. नव्याने विंडोज टाकल्यावर डी ड्राइव्हही तीच मागू शकतो.

मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून 'रिकव्हरी कीज' पाहा. तिथे एकाहून जास्त असतील तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. किल्ली नसेल तर मी काय, कुणीच ती डिस्क उघडून देऊ शकत नाही. उघडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. म्हणून मशिन सुरळीत चालू आहे तोवरच ती किल्ली कागदावर उतरवा.

विंडोजची की विकत घ्यावी लागेल का?

लॅपटॉपसोबत खरी विंडोज आली असेल तर नाही. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडलं की आपोआप चालू होते. होमच्या जागी प्रो टाकली तर मात्र अडते. विनापरवाना विंडोज चालू करणारा क्रॅक लावून देणाऱ्यापासून दूर राहा. तो क्रॅक चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तेवढ्यात काय काय आत शिरतं ते तुम्हाला दिसत नाही.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. डिस्क गेली का?

घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हवर तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवा. डिस्क लगेच येते.

तसंच वायफाय सापडत नसेल तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून टेदरिंग चालू करा. इंटरनेट मिळालं की बाकीचे ड्रायव्हर विंडोज स्वतः आणते.

मध्येच लाइट गेली तर?

लॅपटॉपची बॅटरी भरून, चार्जर लावूनच बसा. डेस्कटॉपला यूपीएस हवा. तरी गेलीच, तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. बॅकअप बाहेर असेल तर वेळ तेवढा जातो.

किती प्रती ठेवायच्या आणि कुठे?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा हिशेब मी सगळ्यांना सांगतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. घरासाठी याचा अर्थ असा: एक मशिनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी बहिणीच्या कपाटात.

'दुसऱ्या जागी' हे लोक सोडून देतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी उतरल्यावर दुकानात मशिनं आली ती चिखलाने भरलेली, कीबोर्डच्या बटणांखालून गाळ निघत होता. त्यातल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी बॅकअप नेमाने घेतला होता. पण ती डिस्क त्याच गल्ल्याच्या खालच्या खणात होती. मशिन आणि प्रत दोन्ही एकाच पाण्यात बुडाली. त्यानंतर मी स्वतःच्या दुकानाची एक डिस्क मिरजेला नातेवाइकांकडे उंचावर ठेवतो आणि महिन्यातून एकदा अदलाबदल करतो.

पाण्यासारखंच खंडणीवाल्या व्हायरसचं. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवली तर तो तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तेव्हा न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्यातल्या सगळ्या खात्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांची प्रत ठेवत होते, म्हणून एकाच झटक्यात सगळे गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून सुटलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीला तारून नेलं ते वायर निघालेल्या एका प्रतीने. तुमची डिस्कही कॉपी झाली की काढून ठेवा.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह आहे. तेवढं पुरेल?

एक प्रत म्हणून चांगलं, एकुलती एक म्हणून नको. हे सिंक आहे: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. कचरापेटीत तीस दिवस राहतं, पण लोकांना फाइल गेल्याचं सहा महिन्यांनी कळतं. फुकट जागा वनड्राइव्हला ५ जीबी, गूगलला १५ जीबी. जागा भरली की सिंक थांबतं आणि कोपऱ्यातल्या खुणेकडे कुणाचं लक्ष जात नाही. फॉरमॅटच्या आधी सिंक पूर्ण झालंय का पाहा आणि खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा.

पेन ड्राइव्हवर बॅकअप ठेवला तर?

फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक. साठवायला नको. हरवतो, वाकतो, आणि बाजारातले स्वस्त १ टीबीचे पेन ड्राइव्ह बहुतेक बनावट असतात. आकडा मोठा दाखवतात आणि आतली खरी जागा संपली की फाइली पोकळ होत जातात.

बॅकअप चांगला झाला हे कसं ओळखायचं?

दुसऱ्या मशिनवर उघडून. ती डिस्क शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावा. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ, एखादी एक्सेल फाइल आणि एक मराठी फाइल अशा चार उघडा. व्हिडिओ मधूनच चालवून पाहा. मूळ फोल्डर आणि प्रत यांच्या फाइलींची संख्या जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे. हे केल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या मशिनमध्ये विंडोजचा पेन ड्राइव्ह लावत नाही.

'शॉर्टकट' कॉपी झालेले मी शेकड्यांनी पाहिलेत. फाइलीचा आकार एकदोन केबी दिसला आणि चित्राच्या कोपऱ्यात बाण असला, की तो बॅकअप नाही.

किती दिवसांनी घ्यायचा?

जेवढ्या दिवसांचं काम पुन्हा करायची तयारी आहे तेवढ्या दिवसांनी. दुकानदाराने रोज, घरी महिन्यातून एकदा. विंडोजची फाइल हिस्ट्री किंवा फ्रीफाइलसिंक वापरलं तर बदललेल्या फाइलीच जातात. अमावास्येला दुकानाची साफसफाई करणारे माझे एक गिऱ्हाईक त्याच दिवशी बॅकअप घेतात, आणि त्यांचा कधी चुकलेला नाही.

चुकून फॉरमॅट झालं आणि बॅकअप नाही. आता?

मशिन ताबडतोब बंद करा. त्यावर काही उतरवू नका, रिकव्हरीचा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर टाकू नका. फिरती हार्ड डिस्क असेल तर बरंच काही परत येऊ शकतं. एसएसडीवर आशा फार कमी, पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा आणि ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. फ्रीजमध्ये ठेवणं वगैरे उपाय करू नका, आत दव धरतं.

विंडोजवरच विंडोज टाकली असेल तर आधी सी ड्राइव्हवर 'विंडोज ओल्ड' फोल्डर आहे का पाहा. जुन्या फाइली त्यात सापडतात. तो साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो.

हे सगळं मलाच माहीत आहे. घरच्यांना कसं कळणार?

कागदावर लिहून. एक बाई पतीच्या निधनानंतर त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्यात होते. स्क्रीनवर ४८ आकड्यांची मागणी, आणि खातं कोणत्या ई-मेलवर आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या तीन वेळा आल्या, दर वेळी एक नवा अंदाज घेऊन. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलीने वडिलांची जुनी डायरी आणली. तिच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एक ई-मेल पत्ता होता, आणि त्या पत्त्याला जोडलेलं सिमकार्ड घरातच होतं. त्यावरून खातं उघडलं, किल्ली मिळाली.

तेव्हापासून मशिन परत देताना मी सोबत एक कोरा कागद देतो. त्यावर लिहायचं एवढंच: मशिनचं नाव, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल खात्याचा ई-मेल, त्याला जोडलेला मोबाइल नंबर, बिटलॉकरची किल्ली, बॅकअपची डिस्क कुठे आहे आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा. कागद रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांच्या फाइलीत ठेवा, आणि तो तिथे आहे हे घरातल्या एका माणसाला आज संध्याकाळी सांगा.